कुत्र्याला दुःख होतं, सूड मात्र सुचत नाही

ताई, तुम्ही ब्रुनोबद्दल जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे सासरे, घरातले अण्णा, दीड महिन्यापूर्वी गेले. ब्रुनो सात वर्षांचा लॅब्रॉडॉर, पिल्लू असल्यापासून अण्णांच्याच मागेपुढे असायचा. आता रोज संध्याकाळी तो फाटकाशी जाऊन बसतो आणि निम्मं जेवण ताटलीत तसंच ठेवतो. त्यात गेल्या तीन आठवड्यांपासून, तुम्ही दोघं कामावर आणि मुलगा कॉलेजला गेला की चपला, उशा, अगदी दाराची चौकटसुद्धा कुरतडून ठेवतो. तुम्ही परत आलात की मान खाली घालून कोपऱ्यात जातो. शेजारी म्हणतात, "मुक्या जनावराला काय कळतंय?" मुलगा म्हणतो, "तो आपल्यावर सूड उगवतोय, आणि चूक कळते म्हणूनच तोंड लपवतो." तुमचा प्रश्न असा, की कुत्र्यांना खरंच माणसासारख्या भावना असतात का?

मी साताऱ्यात २६ वर्षं जनावरांवर उपचार करते आहे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर पहिली दहा वर्षं बहुतेक गाई-म्हशींत गेली, आता दवाखान्यात निम्म्याहून जास्त कुत्री असतात. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो आणि दर वेळी त्याच्या पोटात दुसराच प्रश्न असतो. तुमच्या प्रश्नात मला दोन दिसतात. ब्रुनोला अण्णांची उणीव खरंच जाणवतेय का? आणि तो मुद्दाम त्रास देतोय का? पहिल्याला माझं उत्तर 'हो' आहे, दुसऱ्याला 'नाही'. असं का, ते सविस्तर सांगते, कारण उद्यापासून त्याच्याशी कसं वागायचं हे त्यावरच ठरणार आहे.

पण आधी त्याच्या जेवणाचं बोलू. जेवण टाकणं हे दुःखाचं लक्षण आहे तसंच तापाचंही आहे. आपल्याकडे गोचीड-ताप वर्षभर दिसतो. त्यात कुत्रं सुस्त होतं, अन्न टाकतं, एका जागी बसून राहतं. घरात नुकतंच कुणी गेलेलं असलं की सगळे म्हणतात, "मनाला लावून घेतलंय त्यानं," आणि त्यात आठ-पंधरा दिवस निघून जातात. कोरेगावकडून एक कुत्री अशीच आली होती. घरातली आजी गेली आणि हिनं अन्न सोडलं. बोलता बोलता सूनबाई म्हणाल्या, "पाणी मात्र भांडंच्या भांडं पिते." माज येऊन गेल्याला दीड महिना झाला होता. पोटाला हात लावला तशी ती कण्हली. गर्भाशयात पू झाला होता. त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं म्हणून वाचली. आजीचं दुःख तिला नव्हतं असं मी म्हणत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर मालक गेल्यानंतर १९२५ ते १९३५ अशी जवळजवळ दहा वर्षं वाट पाहणारा हाचिको सगळ्यांना माहीत आहे. त्याचे जतन करून ठेवलेले अवयव २०११ साली तपासले, तेव्हा फुप्फुसात आणि हृदयात कर्करोग निघाला. त्याचं वाट पाहणं खरं होतं आणि आजारही खरा होता.

म्हणून ब्रुनोला आधी डॉक्टरांकडे न्या. ताप पाहून घ्या. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं, त्यामुळे हात लावून अंदाज करू नका. हिरड्या फिकट आहेत का ते पाहा, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा, रक्त तपासताना प्लेटलेट पाहायला सांगा. ते सगळं ठीक निघालं, तर पुढचं सगळं ब्रुनोला लागू आहे असं समजून वाचा.

आता भावनांकडे येते. भीती, राग, आनंद, माया आणि जवळचं कुणी दूर गेल्याची कळ या गोष्टी मेंदूच्या खूप जुन्या, खोल भागातून येतात. तो भाग माणूस, कुत्रा, गाय, उंदीर सगळ्यांत सारख्याच धाटणीचा आहे. याक पँकसेप नावाच्या शास्त्रज्ञानं सस्तन प्राण्यांच्या मेंदूत अशा सात मूळ भावनांच्या यंत्रणा सांगितल्या. पिल्लू आईपासून तुटलं की जी ओरड करतं, ती त्यातल्याच एकीची. मला मात्र सगळ्यात पटणारा पुरावा माझ्या औषधांच्या कपाटात आहे. माणसाला नैराश्यासाठी देतात ती फ्लुऑक्सेटिन मी मालकाविना सैरभैर होणाऱ्या कुत्र्याला देते, आणि काही आठवड्यांत फरक दिसतो. आत काहीच नसतं, तर ही गोळी कशावर चालली असती?

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना गुंगी न देता, जागेपणी, एमआरआयच्या नळीत निश्चल पडून राहायला शिकवलं. मग त्यांना वेगवेगळे वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या कुत्र्याचा, अनोळखी कुत्र्याचा, अनोळखी माणसाचा आणि घरातल्या माणसाचा. चांगलं काही मिळण्याच्या अपेक्षेनं मेंदूचा जो भाग जागा होतो, तो घरातल्या माणसाच्या वासाला सगळ्यात जास्त जागा झाला, आणि तो माणूस समोर नव्हता. हे वाचलं तेव्हापासून, कुणी मला सांगितलं की कुत्रा गेलेल्या माणसाच्या उशीवर डोकं ठेवून झोपतो, की मी त्याला योगायोग म्हणत नाही.

मग 'माणसासारख्या' हा शब्द कुठे अडतो? आपलं दुःख नुसतं दुःख नसतं. मागच्या दिवाळीला अण्णा होते, शेवटच्या दिवशी मी चिडून बोलले, तेव्हाच मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तर, हे सगळं आपण त्या कळेभोवती गुंडाळतो. मागचं उगाळतो, पुढचं रंगवतो, स्वतःला दोष देतो. कुत्रा असं काही करतो याचा पुरावा कुणाला मिळालेला नाही. मृत्यू म्हणजे 'आता कधीच नाही' हे त्याला समजतं असंही दिसत नाही. त्याला समजते ती गैरहजेरी. सहा वाजले, फाटक वाजायला हवं होतं, काठीचा आवाज यायला हवा होता, आला नाही. उद्या पुन्हा सहा वाजतात. मला तर वाटतं, या बाबतीत आपलं दुःख थोडं सोपं असतं. आपल्याकडे तेरावा असतो, वर्षश्राद्ध असतं, भेटायला येणारी माणसं असतात. त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं.

कुत्रा हरपलेल्याचा शोक करतो का, यावर इटलीत ४२६ मालकांना विचारून एक अभ्यास झाला, २०२२ साली प्रसिद्ध झाला. घरात दोन कुत्री होती आणि त्यातलं एक गेलं, अशी ती घरं. ८६ टक्के मालकांनी सांगितलं की मागे राहिलेला कुत्रा बदलला, माणसांना जास्त चिकटू लागला, खेळणं-खाणं कमी झालं. हे मालकांचं सांगणं आहे आणि दुःखी माणसाला सगळीकडे दुःख दिसतं, हे धरूनच मी ते वाचते. पण त्यात एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. मालक स्वतः जितका खचलेला, तितका कुत्र्यातला बदल जास्त. म्हणजे ब्रुनो फक्त अण्णांची वाट पाहत नसेल, तुमच्या घरातली शांतताही त्याला लागत असेल.

सगळीच कुत्री अशी वागत नाहीत, हेही सांगायला हवं. माणदेशातल्या एका मेंढपाळाचा कुत्रा, म्हातारे धनी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मेंढरांबरोबर निघाला आणि पूर्वीसारखाच राखण करू लागला. त्याला माया नव्हती का? होती. पण त्याचा दिवस बदलला नव्हता. तीच मेंढरं, तीच वाट, तीच माणसं. कुत्र्याचं दुःख किती दिसेल हे त्याच्या स्वभावावर, वयावर आणि सगळ्यात जास्त, त्याचा दिवस किती मोडला यावर असतं.

ब्रुनोचा दिवस पुरता मोडला आहे. तुम्ही लिहिलंय की अण्णा रिटायर होते, म्हणजे घर कधी रिकामं नसायचं. सात वर्षांत ब्रुनो एकटा असा राहिलाच नव्हता. सुरुवातीचे तीन आठवडे घरात पाहुणे, सुट्टी, येणंजाणं होतं. मग तुम्ही कामाला लागलात आणि नेमकी तेव्हापासून चपला फाडायला सुरुवात झाली. मुलाला यात सूड दिसतो. मला यात आयुष्यात पहिल्यांदा आठ तास एकटा पडलेला कुत्रा दिसतो. कुरतडल्यानं त्याचा जीव थोडा शांत होतो. चपला आणि उशाच का? कारण घरात तुमचा वास सगळ्यात जास्त त्यांना असतो. दाराची चौकट का? कारण तुम्ही त्या दारातून गेलात.

तपासून पाहायचं असेल तर उद्या निघताना एक जुना मोबाइल कपाटावर व्हिडिओ चालू करून ठेवा. सूड घेणारा सावकाश बेत करतो. घाबरलेला कुत्रा मात्र दार बंद झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आतच येरझाऱ्या घालतो, धापा टाकतो, लाळ गाळतो, रडतो आणि मग कुरतडायला लागतो. मी असे कितीतरी व्हिडिओ पाहिलेत. गोडोलीतल्या एका गृहस्थांनी आपल्या कुत्र्याचा असा व्हिडिओ माझ्या टेबलासमोर उभं राहून पहिल्यांदा पाहिला. कुत्रा दाराच्या फटीला नाक लावून हुंगायचा, मागे यायचा, पुन्हा जायचा. चौदाव्या मिनिटाला त्यानं पायपुसणं ओढलं. त्या गृहस्थांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर, यासाठी मी त्याला रोज मारत होतो."

आता मान खाली घालण्याचं. "त्याला चूक कळते" हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आहे आणि त्यापायी कुत्र्यांनी सगळ्यात जास्त मार खाल्लेला आहे. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर एक साधा प्रयोग केला. मालकानं खाऊ समोर ठेवायचा, 'नाही' म्हणायचं आणि बाहेर जायचं. मागे कधी कुत्रा खाऊ खायचा, कधी नाही. पण मालकाला खरं-खोटं काहीही सांगितलं जायचं. निष्कर्ष असा निघाला, की अपराधी चेहरा खाऊ खाण्यावर नव्हता, मालकाच्या रागावण्यावर होता. उलट काहीही न केलेल्या कुत्र्याला रागावलं, तर तो जास्तच अपराधी दिसायचा.

मी हे शाहूपुरीतल्या एका घरात स्वतः पाहिलं. त्यांची कुत्री पेपर फाडायची आणि दार उघडताच सोफ्याखाली जायची. मी त्यांना म्हटलं, आज पेपर तुम्हीच फाडा. तिला आतल्या खोलीत ठेवून आम्ही हॉलभर तुकडे टाकले, तिला सोडलं, सगळे बाहेर जाऊन पाच मिनिटांनी आत आलो. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाशी, डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसतोय, जीभ सारखी ओठांवरून फिरतेय. पोटावर सरकत सोफ्याखाली गेली. तिनं एक तुकडाही फाडला नव्हता. फाटका पेपर आणि दारात मालक हे दोन एकत्र आले की ओरडा बसतो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तो चेहरा 'माझं चुकलं' असं म्हणत नव्हता. 'मारू नका' म्हणत होता. कुत्र्याला पश्चात्ताप कधीच होत नाही असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण ज्या चेहऱ्यावरून आपण तो ओळखतो, तो चेहरा भीतीचा आहे.

म्हणजे एका बाजूला आपण कुत्र्याच्या डोक्यात नसलेली गोष्ट घालतो. दुसऱ्या बाजूला असलेली भावना नाकारतो. ही दुसरी चूक माझ्या हातून झालेली आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत दिवाळी आली की लोक म्हणायचे, "फटाक्यांनी थरथर कापतो, काहीतरी द्या." मी त्या काळी सर्रास वापरलं जाणारं फिनोथायझिन गटातलं गुंगीचं औषध द्यायचे. कुत्रा गप्प पडून राहायचा, मालक खूश. पुढे शिकताना कळलं की त्या औषधानं शरीर ढिलं पडतं, भीती फारशी कमी होत नाही. आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. ती कुत्री तो सगळा आवाज ऐकत होती, घाबरत होती आणि पळू शकत नव्हती. मी बाहेरचं थरथरणं थांबवलं आणि आतलं थांबलं असं समजले. आता मी भीतीवरच काम करणारं औषध देते, मिरवणुकीच्या किंवा दिवाळीच्या आधीपासून तयारी करून घेते, आणि सांगते की घाबरलेल्याला जवळ घ्या. जवळ घेतल्यानं भीती वाढते हा गैरसमज आहे. भीती ही काही बक्षीस मिळालं म्हणून शिकायची सवय नव्हे.

आपल्या साताऱ्याला हे नवं नाही. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघ अंगावर येताना खंड्यानं भुंकून महाराजांना सावध केलं, असं सांगतात. त्या क्षणी त्याच्या मनात 'धन्यासाठी प्राण द्यावा' असं काही आलं असेल असं मला वाटत नाही. वाघाची भीती होती, ज्याच्याजवळ राहायचं तो माणूस तिथे होता, आणि तो पळाला नाही. त्याला निष्ठा हे नाव आपण दिलं. पण नाव आपलं असलं म्हणून भुंकणं खोटं ठरत नाही.

थोडक्यात, शेजाऱ्यांना सांगा की त्याला कळतंय. मुलाला सांगा की तुला वाटतं ते ब्रुनोला कळत नाहीये. आणि आता काय करायचं ते.

कुरतडलेलं दिसलं तरी ओरडू नका, मारू नका, त्याला त्या चपलेपाशी ओढत नेऊ नका. तुम्ही सहा तासांनी रागावता, तोवर त्याच्या लेखी ती गोष्ट संपलेली असते. त्याला फक्त एवढंच कळतं की तुमचं येणंही आता धोक्याचं आहे. मग जाणंही वाईट आणि येणंही वाईट. अण्णा ज्या वेळेला फिरवायचे, त्याच वेळेला, निदान काही आठवडे त्याच वाटेनं, घरातल्या एकानंच न्या. मुलगा तयार असेल तर उत्तम, राग त्याचाच जास्त आहे आणि कुत्र्याबरोबर रोज पाऊण तास चालल्यावर तो टिकत नाही. जेवणही त्याच माणसानं द्यावं. ताटली वीस मिनिटं ठेवायची, मग उचलायची. खात नाही म्हणून मागे लागून चिकनचे तुकडे भरवू नका, आठ दिवसांत तेवढंच खायला शिकेल.

एकटं राहणं त्याला नव्यानं शिकवावं लागेल. सुट्टीच्या दिवशी दोन मिनिटं बाहेर जा, शांत असतानाच परत या, मग पाच, मग दहा. निघताना लाड नाहीत, आल्यावर गोंधळ नाही. बाहेर पडताना चावायला जाड दोरी किंवा आत खाणं भरलेलं रबरी खेळणं द्या. तोवर दुपारी कुणी तासभर येऊन बसू शकलं तर फार फरक पडेल. महिनाभरात काहीच हललं नाही, किंवा व्हिडिओत तो स्वतःला इजा करताना दिसला, तर औषधाचा विचार करू. त्यात कमीपणा नाही.

अण्णांचे सगळे कपडे एकदम धुऊन, बांधून देऊन टाकू नका. एखादी चादर त्याच्या अंथरुणात राहू द्या. ती ओढून फाडायला लागला तर काढून घ्या, नाहीतर राहू द्या. तुम्ही विचारलंय की फाटकाशी बसण्यापासून त्याला अडवायचं का. अडवू नका. दुसरा कुत्रा आणायची घाईही आत्ता नको. संध्याकाळी सहाला तुमच्यापैकी कुणीतरी फाटकापाशी खुर्ची टाकून बसा, त्याच्याशी बोललं नाही तरी चालेल. साडेसहाला साखळी घ्या आणि फिरायला चला. पहिले काही दिवस तो मागे वळून पाहील. थांबा, पाहू द्या, आणि मग पुढे निघा.